पोदेराची पोंपों झोपेतही का ऐकू येते? मेंदूतली रसायनं आणि ऐकणं, नवख्यांसाठी पायरीपायरीने

गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या घराला पुढे कौलं आणि मागच्या पडवीवर पत्रा. जुलैत पाऊस त्या पत्र्याला असा काही बडवतो की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं, आणि मी त्याच पडवीत रात्रभर ढाराढूर झोपतो. पण सकाळी सव्वासहाला वाड्याच्या टोकाला पोदेराने, म्हणजे आमच्या पाववाल्याने, सायकलवरनं एकदा भोंग्याची पोंपों केली की माझे डोळे टक्क उघडे. आवाज मोजायचा म्हटला तर पावसापुढे ती पोंपों म्हणजे काहीच नाही. कानात दोन्ही शिरतात, मग उठवते ती पोंपोंच, हे ठरवतं कोण?

हा प्रश्न मला अकरावीतल्या एका मुलीने विचारला होता, मी बायोलॉजीच्या ट्यूशन घेतो. तिला मी "मेंदू ठरवतो" असं गुळमुळीत काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि घरी येईपर्यंत स्वतःवरच वैतागलो. तेव्हापासून जमेल तसं वाचत गेलो, त्यातलं जे पचलं ते इथे लिहितोय. ज्यांना या विषयातलं ओ की ठो माहीत नाही त्यांच्यासाठीच आहे हे. जमेल तिथे घरी करून बघायचं काहीतरी दिलंय, कारण नुसती नावं पाठ करून हा विषय डोक्यात बसत नाही, दोन दिवसांत सगळी नावं एकमेकांत मिसळतात.

लागणारं सामान: मोबाईल, किल्ल्यांचा जुडगा, बरे हेडफोन, लॅपटॉपवर ऑडॅसिटी नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर, आणि घरातलं एक वयस्कर माणूस. आमच्याकडे आई आहे, ती कुरकुरत का होईना पण बसते.

पायरी १: आधी रस्ता पाठ करा, रसायनं मागाहून

बहुतेक जण थेट डोपामिनपासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात. अहो, आवाज कुठून कुठे जातो तेच माहीत नसेल तर रसायन कुठे काम करतंय ते कसं कळणार?

तर रस्ता असा. हवा हलते, कानाचा पडदा हलतो, त्यामागची तीन चिमुकली हाडं हलतात आणि ती हालचाल आतल्या कॉक्लियात जाते. कॉक्लिया म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळी, उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर. तिच्यात पाणी भरलेलं असतं आणि केसपेशींच्या रांगा असतात. आवाजाची खबर मेंदूकडे पाठवणाऱ्या आतल्या रांगेतल्या पेशी एका कानात जेमतेम साडेतीन हजार. बाहेरच्या रांगांत बारा हजारांच्या आसपास असतात, त्या बारीक आवाज मोठा करून द्यायचं काम करतात. म्हणजे आजवर तुम्ही जे जे ऐकलंत, आरत्या, भांडणं, फेरीबोटीचं इंजिन, ते सगळं दोन्ही कान मिळून सात हजार पेशींतनं गेलंय. त्या मेल्या तर परत उगवत नाहीत. कोंबड्याच्या उगवतात, आपल्या नाही, काय करणार.

शंखाच्या तोंडाशी वरचे सूर, आत टोकाकडे खर्ज. पेटीच्या पट्ट्यांसारखीच मांडणी. शंखाच्या आतल्या पडद्यावर लाट कशी पळते हे बेकेशी नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं आणि त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. आता मजा अशी की ही पट्ट्यांची मांडणी पुढे मेंदूपर्यंत तशीच टिकते. सुमारे तीस हजार तंतूंची नस कानातनं निघते, मेंदूच्या देठात दोनतीन ठिकाणी थांबते, मग थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मधलं जंक्शन, आणि तिथनं ऑडिटरी कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरातला (कॉर्टेक्स) ऐकण्याचा भाग. कानाच्या जरा वर बोट ठेवा, तिथे कवटीच्या आत, एका खोल घडीत लपलेला हा भाग. तिथेही शेजारशेजारचे सूर शेजारशेजारच्या पेशींना. हा नकाशा लक्षात ठेवा, चौथ्या पायरीला लागणार आहे.

तान्ह्या बाळाला झोपवून, डोक्याला वायरी चिकटवून जी बेरा टेस्ट करतात ना, ती याच रस्त्याची तपासणी. देठातली सगळी स्टेशनं आवाज आल्यापासून पहिल्या दहा मिलिसेकंदांत होऊन जातात.

करून बघा: डोळे मिटा, कुणालातरी किल्ल्या खुळखुळवायला सांगा, कुठे वाजल्या त्या दिशेला बोट दाखवा. डावा-उजवा फरक अचूक येतो, कारण देठातलं एक स्टेशन दोन्ही कानांतला वेळेचा फरक मोजतं आणि तो फरक जास्तीत जास्त असतो मिलिसेकंदाच्या दोन तृतीयांशाएवढा. आता एका कानात बोट घाला आणि परत करा. आईने सरळ शेजारच्या घराकडे बोट दाखवलं आणि वर मलाच म्हणाली, "तू मुद्दाम फसवतोस रे."

पायरी २: ग्लुटामेट आणि गाबा, इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. डोपामिन, सेरोटोनिन वगैरे मंडळी प्रसिद्ध आहेत पण ऐकण्याचं रोजचं ओझं या दोघांच्या डोक्यावर आहे.

केसपेशीवरचे केस वाकले की पोटॅशियम आत शिरतं, त्यापाठोपाठ कॅल्शियम, आणि पेशीच्या बुडाकडनं ग्लुटामेट बाहेर सांडतं. समोरच्या नसेच्या टोकाला ते भिडलं की नस पेटते. तिथनं कॉर्टेक्सपर्यंत खबर पुढे ढकलायचं काम मुख्यतः ग्लुटामेटच करतं. म्हणजे हा "वाजव" म्हणणारा. गाबा हा "थांब" म्हणणारा. कॉर्टेक्सात पाचातली एखादीच पेशी गाबा सोडणारी असते, पण ती नसेल तर सगळा गोंगाट.

घुमट, म्हणजे मडक्याच्या एका तोंडाला चामडं लावलेलं आमचं वाद्य, वाजवताना बघितलंय कुणाला जवळून? चवथीच्या आरतीत मी वाजवतो म्हणून सांगतो. उजवा हात चामड्यावर पडतो हे सगळ्यांना दिसतं. पण डावा तळवा मागच्या तोंडावर उघडझाप करत असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि बोल खरे त्याच्यानेच सुटे होतात. डावा हात काढून घ्या, नुसतं भुंभुंभुं, एका बोलाची शेपटी दुसऱ्यात. ग्लुटामेट म्हणजे उजवा हात आणि गाबा म्हणजे डावा, असं मी ट्यूशनला सांगतो आणि मुलांना ते पटकन लागतं. उंदरांच्या ऑडिटरी कॉर्टेक्सात हे मोजलंही गेलंय, २००३ साली वेर आणि झेडर या दोघांनी दाखवलं की आवाज आला की पेशीला आधी "वाजव"चा धक्का बसतो आणि काही मिलिसेकंदांतच मागनं "थांब"चा. मधल्या त्या चिमूटभर वेळात पेशी एकदाच टक् करून गप्प होते. म्हणून तर आपल्याला "त" आणि "द" वेगळे ऐकू येतात, नाहीतर दोन्हींचा चिखल झाला असता.

करून बघा, हा माझा आवडता प्रयोग आहे. ऑडॅसिटीत एक सेकंदाचा व्हाइट नॉइज तयार करा, म्हणजे नुसता सूं आवाज. मधोमध ५० मिलिसेकंदांचा तुकडा सिलेक्ट करून सायलेंट करा. तसाच दुसरा २० चा, मग १०, ५, ३, २, आणि एक बिनफटीचा. हेडफोनवर मध्यम आवाजात, उलटसुलट क्रमाने ऐकवा आणि विचारा, फट होती की नव्हती? तरुण, चांगल्या कानाला दोन-तीन मिलिसेकंदांची फटसुद्धा कळते. ती अकरावीतली मुलगी तीनला हो म्हणाली, मला पाचापर्यंत कळलं, आईला वीस. तिला वाईट वाटू नये म्हणून मी काही बोललो नाही पण तिने ओळखलंच.

तर वयस्कर माणसं म्हणतात ना की "ऐकू येतं पण कळत नाही, तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता", ते नाटक नव्हे. म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूत श्रवणाच्या मार्गावर गाबा कमी झालेलं सापडलंय. माणसात कानाची झीज, नसेची झीज आणि हे, सगळं एकत्र येतं, त्यामुळे सगळा दोष गाबावर टाकायला मी तयार नाही, पण डावा हात सैल पडला की बोल मिसळतात एवढं खरं. अशा माणसाशी मोठ्याने नाही, सावकाश आणि समोर बघून बोला. ओरडण्याने नुसतं भुंभुं वाढतं.

आणि हो, फेणी. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचं एक कुलूप (पेशीवरची जागा, जिथे रसायन चावीसारखं बसतं), एनएमडीए रिसेप्टर त्याचं नाव, ते दाबते. लग्नात तिसऱ्या पेगनंतर लोक ओरडून बोलायला लागतात त्याला बाकी कारणंही असतील म्हणा.

पायरी ३: फ्रीज बंद झाल्याचं कसं कळतं

ही छोटी पायरी. दुपारी स्वयंपाकघरात बसा, फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना. पाच मिनिटांनी तो आवाज तुमच्यासाठी संपलेला असतो. आणि अचानक तो बंद पडला की मान वर होते. म्हणजे जे ऐकूच येत नव्हतं ते थांबल्याचं ऐकू आलं! मला हे अजूनही चमत्कारिक वाटतं.

कॉर्टेक्सातल्या पेशी एकसारख्या आवाजाला कंटाळतात, पण वेगळा सूर आला की परत ताज्यातवान्या. मांजराच्या ऑडिटरी कॉर्टेक्सात हे २००३ मध्ये सापडलं. माणसात तर त्याआधीच, १९७८ साली, फिनलंडच्या रिस्टो नाटानेन यांनी डोक्यावरच्या वायरींतनं पकडलं होतं. टिं टिं टिं टिं टुं असं वाजवलं की त्या टुं ला, लक्ष दुसरीकडे असलं तरी, दीड-दोनशे मिलिसेकंदांत त्या वायरींच्या आलेखात एक खड्डा उमटतो. त्याला मिसमॅच निगेटिव्हिटी म्हणतात. केटामिन नावाचं भुलीचं औषध दिलं की हा खड्डा बुजत जातो, आणि केटामिन नेमकं तेच एनएमडीएचं कुलूप बंद करतं. दारूनेही तो कमी होतो. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटमध्येही तो उथळ सापडतो, म्हणून त्या आजारात ग्लुटामेटचा हात असावा अशी शंका घेणाऱ्यांना हा पुरावा महत्त्वाचा वाटतो.

इथे नवख्याने शिकायचं ते एवढंच की मेंदू आवाज नुसता घेत नाही, पुढे काय येणार याचा अंदाज बांधून बसलेला असतो आणि अंदाज चुकला की ओरडतो. पत्र्यावरचा पाऊस रात्रभर अंदाजाबरहुकूम पडत असतो.

पायरी ४: अ‍ॅसिटिलकोलीन, म्हणजे "हे लक्षात ठेव"

आता पोदेराकडे येऊ.

मेंदूच्या तळाशी न्यूक्लियस बेसालिस नावाचा एक पेशींचा पुंजका आहे, तो सगळ्या कॉर्टेक्सवर अ‍ॅसिटिलकोलीन शिंपडतो, महत्त्वाचं काही घडतंय असं वाटलं की जास्त. १९९८ साली किलगार्ड आणि मर्झेनिक या दोघांनी उंदरांवर एक प्रयोग केला. एक ठराविक सूर वाजवायचा आणि त्याच क्षणी या पुंजक्याला विजेचा बारीकसा टिचका द्यायचा. दिवसाला शेकडो वेळा, असे तीनेक आठवडे. उंदराला काही शिकवलं नाही, बक्षीस नाही, शिक्षा नाही. नंतर कॉर्टेक्सचा नकाशा काढला, पहिल्या पायरीतला तोच पेटीच्या पट्ट्यांचा नकाशा, तर त्या एका सुराची जागा ऐसपैस पसरलेली. मोठ्या वयाच्या उंदरात, बरं का. नुसता सूर वाजवून हे होत नाही, सुराबरोबर ते रसायन शिंपडलं गेलं तरच.

मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा ती पोंपों कळली. लहानपणी पोदेर येणं म्हणजे गरम पोळी, उंडे (हे आमचे पावाचे प्रकार), धावत गेटाकडे जाणं, उशीर झाला तर तो पुढच्या वाड्यावर गेलेला आणि मग आईच्या शिव्या. रोज सकाळी, वर्षानुवर्षं, भूक आणि घाई आणि तो एक आवाज. माझ्या नकाशात त्या पोंपोंची जागा किती पसरली असेल ते कुणी मोजलेलं नाही, पण मुंबईहून आलेला माझा मावसभाऊ त्याच पडवीत झोपून राहतो, हलत पण नाही. तो मात्र कुकरच्या शिटीला उठतो, ते जाऊ दे.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गाढ झोपेत अ‍ॅसिटिलकोलीन फार खाली गेलेलं असतं, त्यामुळे "झोपेत अ‍ॅसिटिलकोलीन उठवतं" असं सरळ म्हणता येत नाही. शिकवणी जागेपणी झालेली असते. झोपेत थॅलॅमसचं दार बरंचसं लोटलेलं असतं, पण ओळखीच्या आवाजाला, उदाहरणार्थ आपल्या नावाला, झोपलेला मेंदूही परक्या नावापेक्षा मोठा प्रतिसाद देतो. आणि पहाटे पहाटे झोप उथळ असते, स्वप्नांची झोप जास्त, तेव्हा अ‍ॅसिटिलकोलीन परत वर आलेलं. पोदेराची वेळ नेमकी तीच. रात्री दोनला त्याने वाजवलं असतं तर मी उठलो असतो का, कुणास ठाऊक.

करून बघा: घुमट आरतीचं एखादं रेकॉर्डिंग घ्या, घुमट, शामेळ (छोटा नगारा), कासाळे (झांजा) सगळं एकत्र असलेलं. रोज दहा मिनिटं फक्त शामेळ ऐकायचं, बाकी सगळं जाऊ द्यायचं. मोबाईल उलटा ठेवा, कारण अर्ध्या लक्षाने यात काही होत नाही, आणि ते रसायन लक्षाशीच बांधलेलं आहे. पहिले दोन दिवस शामेळ कासाळ्यांखाली बुडेल. आठवड्याभरात ते आपोआप वर यायला लागतं. भजनी मंडळात नव्याने आलेल्या पोराला पखवाजाच्या शेजारी महिनाभर नुसतं बसवतात ना, तेच हे.

अल्झायमरमध्ये हाच पुंजका लवकर झिजतो, आणि डोनेपेझिल नावाची जी गोळी देतात ती उरलेलं अ‍ॅसिटिलकोलीन लवकर तुटू देत नाही, एवढंच तिचं काम. आणखी एक मजा, हेच रसायन मेंदूकडनं उलट कानातही येतं, बाहेरच्या रांगांतल्या केसपेशींवर पडतं आणि त्यांचा आवाज जरा खाली करतं. म्हणजे मेंदू वरनं कानाचा कान पिळतो!

पायरी ५: डोपामिन, पण रील्सवालं नव्हे

रील्सवर डोपामिन म्हणजे आनंद. कृपा करून हे विसरा. डोपामिनचं जास्त काम आहे "येणार, येणार" म्हणण्याचं आणि आलेलं अपेक्षेपेक्षा चांगलं होतं की वाईट ते नोंदवण्याचं.

२०११ साली मॉन्ट्रियलमध्ये सालिमपूर, झातोरे आणि मंडळींनी, ज्यांच्या अंगावर गाणं ऐकून काटा येतो अशी माणसं निवडून पेट स्कॅनमध्ये त्यांना त्यांचंच आवडतं संगीत ऐकवलं. काटा येण्याच्या क्षणी एका भागात डोपामिन सुटलं, न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स त्याचं नाव. पण त्याच्या आधीचे काही सेकंद, अजून ती जागा यायची आहे, वाट बघणं चाललंय, तेव्हा दुसऱ्याच भागात सुटत होतं, कॉडेटमध्ये. गायक तान घेऊन लांब निघून जातो, तबलजी तिहाई धरतो, एक, दोन, आपण मांडीवर हात उचलून बसलेलो, आणि समेवर सगळे धप्पकन एकत्र. त्या उचललेल्या हाताचं जे काय आहे ते कॉडेट, आणि धप्प ते अ‍ॅक्युम्बन्स, असं मी माझ्यापुरतं लक्षात ठेवलंय.

यावर कुणी म्हणेल की दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून काय झालं, डोपामिनमुळेच हे कशावरनं? रास्त शंका. २०१९ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगात लोकांना एकदा लेव्होडोपा दिलं, त्याने डोपामिन वाढतं, आणि एकदा रिस्पेरिडोन, ते डोपामिनच्या कुलपात चावी जाऊच देत नाही. पहिल्याने संगीताचा आनंद वाढला, दुसऱ्याने घटला. आता पटायला हरकत नाही. आणि कॉर्टेक्सच्या नकाशावरही डोपामिन हात फिरवतं, सुराबरोबर उंदराच्या डोपामिनच्या पेशींना टिचका दिला की त्या सुराची जागा वाढते, हे २००१ मध्ये दाखवलंय.

प्रयोग सोपा. ओळखीची बंदिश लावा आणि समेच्या अर्धा सेकंद आधी पॉज करा. जे चिडल्यासारखं होतं ना, ते नीट बघून ठेवा.

पायरी ६: उरलेली मंडळी, भराभर

नॉरअ‍ॅड्रेनालिन. मेंदूच्या देठातल्या एका निळसर ठिपक्यातनं येतं, ठिपक्याचं लॅटिन नावच "निळी जागा" असं आहे. नरकासुराच्या रात्री डीजेच्या भिंतीसमोरनं चालत असताना मागे अचानक लवंगी लागली की जो दचका बसतो, त्यानंतरची ती दोन मिनिटं आठवा, पाचोळा वाजला तरी कळतो. कॉर्टेक्सला ताठ उभं करायचं काम याचं.

ऑक्सिटोसिन. उंदरीण पिल्लाची किंकाळी ऐकून त्याला तोंडात धरून घरट्यात आणते, पण ज्या माद्यांना पिल्लं झालेलीच नाहीत त्या ढुंकूनही बघत नाहीत. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये अशा माद्यांच्या डाव्या ऑडिटरी कॉर्टेक्सात ऑक्सिटोसिन पोचवलं, तर त्यासुद्धा पिल्लं उचलायला शिकल्या. डाव्याच बाजूचं चालतं, उजव्या बाजूने तसं होत नाही. आमची आई म्हणते, "हे सांगायला न्यूयॉर्क कशाला, मी सांगितलं असतं, तू कण्हलास तरी मी तीन खोल्या पलीकडे जागी व्हायचे." ती माणूस आहे आणि तो प्रयोग उंदरांवरचा होता, पण मी वाद घातला नाही.

अ‍ॅडेनोसिन हे थकल्याचं रसायन, दिवसभर साठत जातं आणि चहा-कॉफी त्याच्याच कुलपात बोट घालून बसते. २०१७ मध्ये उंदरांच्या थॅलॅमसमध्ये त्याचं काम अडवलं तर मोठ्या उंदरांचाही सुरांचा नकाशा लहानपणासारखा बदलायला लागला. यावरनं "कॉफी पिऊन गाणं लवकर येतं" असा निष्कर्ष काढू नका, थॅलॅमसच्या एका कोपऱ्यात नेमकं केलेलं काम आणि कपभर कॉफी यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

सेरोटोनिनचं इथे थोडक्यात सोडतो, तेही येतं या मार्गावर, पण त्याचं वागणं इतकं ठिकाणाठिकाणी बदलतं की नवख्याने सुरुवातीला त्याच्या नादी लागू नये.

पायरी ७: कुणी काही दावा केला की तीन प्रश्न

कुठल्या प्राण्यावर केलं? कुठे मोजलं, पेशीत, डोक्यावरच्या वायरींतनं की नुसतं फॉर्म भरून घेऊन? आणि रसायन बदलून बघितलं की नुसतं बरोबर घडताना दिसलं?

हे तीन विचारले की व्हॉट्सअ‍ॅपवरचं ऐंशी टक्के गळून पडतं (ऐंशी हा आकडा माझ्या रागाचा आहे, मोजलेला नाही). अमुक हर्ट्झचं संगीत ऐका, डोपामिन वाढवा, अशा व्हिडिओंना प्रश्न नंबर दोन टाका. रक्त तपासून मेंदूतलं डोपामिन कळत नाही, आणि रक्तातलं डोपामिन मेंदूत शिरत नाही, मधे एक भिंत आहे. पार्किन्सनच्या पेशंटला म्हणूनच डोपामिन न देता लेव्होडोपा देतात, ते ती भिंत ओलांडतं. मग डोपामिन वाढवणारी हेडफोनची जोडी कोण कशी तपासून विकतो बुवा?

पायरी ८: शिगम्यात मी काय केलं, आणि तुम्ही काय करू नका

काही वर्षांमागे शिगम्याच्या, म्हणजे आमच्या होळीच्या सणाच्या, मिरवणुकीत ढोल-ताशांच्या अगदी पोटात तीन तास उभा होतो. घरी आलो तर कानात सिटी. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी उतरली. एका दवाखान्यात दाखवलं, त्यांनी कानात मशीन न लावता, काही न तपासता "मळ असेल" म्हणून थेंब लिहून दिले. नंतर दुसरीकडे ऑडिओमेट्री, म्हणजे किती बारीक आवाज ऐकू येतो त्याची तपासणी, केली, ग्राफ नॉर्मल. मी खूश.

मग २००९ चा कुजावा आणि लीबरमन यांचा बोस्टनमधला प्रयोग वाचला आणि खुशी उतरली. उंदरांना दोन तास १०० डेसिबल आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांचं ऐकणं तपासणीत पहिल्यासारखं आलं. पण आत बघितलं तर केसपेशी जागच्या जागी, आणि वरच्या सुरांच्या भागात केसपेशी आणि नस यांच्यातले जवळजवळ निम्मे सांधे गेलेले, परत न आलेले. संशय आपल्या दुसऱ्या पायरीतल्या ग्लुटामेटवरच आहे. फार मोठा आवाज म्हणजे फार ग्लुटामेट, नसेची टोकं त्यात सुजतात, कॅल्शियम भरभरून आत येतं आणि टोक मरतं. जे रसायन खबर पोचवतं तेच जास्त झालं की दार मोडून टाकतं. शांत खोलीतली ऑडिओमेट्री हे पकडत नाही, ते कळतं बाजारात, गर्दीत, शुक्रवारी म्हापशाला कुणीतरी शेजारी बोलतंय आणि शब्द हाती लागत नाहीत तेव्हा.

आणि कानातली सिटी? खालनं खबर कमी येऊ लागली की वरची स्टेशनं आपला व्हॉल्यूम वाढवतात, "थांब"चा हात सैल करतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं. रेडिओ स्टेशन लागत नसताना आवाज वाढवला की जी खरखर येते तसलं काहीतरी. या सिटीवर, म्हणजे टिनिटसवर, खात्रीची अशी गोळी आजही नाही, कुणी विकत असेल तर पायरी सात.

म्हणून हिशेब: ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. मोबाईलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप असतं, अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत, फोमचे इअरप्लग घ्या, मेडिकलमध्ये मिळतात, पिळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. नुसते टेकवून ठेवले तर पडतात आणि माणूस म्हणतो प्लगने काही होत नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे आणि वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, किनारपट्टीवर राहणारे लोक हे वाचून हसतील, हसा.

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नका. एका कानाने अचानक, तासा-दिवसात, ऐकू येणं कमी झालं तर मळ, सर्दी असं म्हणत थांबू नका, त्याच दिवशी ईएनटी डॉक्टर गाठा, स्टेरॉइडचा उपयोग होतो तो लवकर गेलं तरच. आणि जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन अशी इंजेक्शनं चालू असताना कानात आवाज यायला लागला तर डॉक्टरांना लगेच सांगा, ती केसपेशींना मारू शकतात. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका.

आईला शेवटी ऐकण्याचं मशीन लावलं, मागच्या दिवाळीनंतर. पहिले पंधरा दिवस काढून टेबलावर ठेवायची, भांड्यांचा आवाज टोचतो म्हणून. मी सांगितलं, चौथी पायरी आठव, मेंदूला वेळ दे, रोज दोन तास घाल. मग हळूहळू वाढवलं. परवा मी पडवीत झोपलेलो, पाऊस चालू, आणि मला उठवलं ते पोदेराने नाही, आईने. "उठ रे, पोदेर वळला बघ खालच्या वळणावर, चार उंडे आण, आणि सुटे पैसे घेऊन जा."